पोस्टर नेमकं कुणाशी बोलतंय?

'सर, मी कराडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा आम्हाला डिजिटल माध्यमांचा पेपर आहे आणि त्यात "डिजिटल रेटरिक आणि दृश्य मांडणी" असं एक प्रकरण आहे. प्रात्यक्षिक म्हणून एनएसएसच्या रक्तदान शिबिराचं पोस्टर करायला दिलं. तीन रात्री जागून कॅनव्हा ॲपवर केलं, सोबत पाठवतेय. मॅडम म्हणाल्या, "दिसतंय छान, पण म्हणत काहीच नाही." म्हणजे काय? रेटरिक म्हणजे भाषणबाजी ना? त्याचा पोस्टरशी काय संबंध? ईथॉस, पॅथॉस, लोगॉस पाठ आहे, पण पोस्टरमध्ये ते घालायचं कुठे तेच कळत नाही. त्यात माझी चित्रकला कच्ची, एलिमेंटरीला सी ग्रेड होती. पुन्हा करून आणायला आठ दिवस मिळालेत.'
– एक विद्यार्थिनी, कराड

पोस्टर पाहिलं. मुद्दाम कॉम्प्युटरवर न उघडता मोबाइलवर, तेही चालत्या रिक्षात पाहिलं. तुझे वर्गमित्रसुद्धा ते असंच बघणार आहेत.

वर एका ओळीत पाच लोगो. त्याखाली दोन गोल फोटो, एक संस्थेच्या अध्यक्षांचा आणि एक प्राचार्यांचा. मग निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत 'रक्तदान श्रेष्ठदान', त्याला सोनेरी कड आणि सावली. भोवती थेंब, हृदय, ओंजळ, पृथ्वीचा गोल आणि लाल क्रॉस. तारीख डाव्या कोपऱ्यात, ठिकाण उजव्या कोपऱ्यात, वेळ मध्येच कुठेतरी आणि तळाशी क्यूआर कोड. फॉन्ट मोजले, चार निघाले. शिबिर कधी आणि कुठे आहे ते शोधायला मला दोन बोटांनी पोस्टर ताणून मोठं करावं लागलं.

मॅडमचं म्हणणं मी थोडं बदलून सांगतो. तुझं पोस्टर बोलतंय, पण ते तुझ्या प्राचार्यांशी बोलतंय.

चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आठव. एका मोठ्या चेहऱ्याखाली चाळीस छोटे चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि तळाला 'शुभेच्छुक'. आपण त्याला हसतो, मांडणी गचाळ आहे म्हणतो. मला विचारशील तर आपल्याकडचा सगळ्यात नेमका संवाद तोच आहे. त्या फ्लेक्सचा वाचक रस्त्यावरचा माणूस नसतोच, फोटोतली माणसं असतात. आपला फोटो आहे का, कितव्या ओळीत आहे, शेजारच्यापेक्षा बारका तर नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असतं आणि फ्लेक्स त्यांना ते चोख सांगतो. तुझी गडबड अशी झाली की घाट तू फ्लेक्सचा घेतलास आणि काम मात्र वेगळंच करायचं होतं. हॉस्टेलवरच्या एका घाबरट मुलाला तुला उठवून शिबिरापर्यंत आणायचंय.

आता रेटरिककडे येऊ. भाषणबाजी हा त्या शब्दाचा बदनाम झालेला अर्थ. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने जो विचार मांडला तो साधा आहे: समोरच्याला पटवायची कोणकोणती साधनं या प्रसंगी आपल्या हातात आहेत, ते ओळखणं. आपल्या कीर्तनकारांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. समोर कोण बसलंय ते बघून बुवा आख्यान लावतात. पेंगणारी मंडळी दिसली की मधेच एखादा विनोद सोडतात आणि परत अभंगावर येतात. पोस्टरची अडचण एवढीच की त्याला समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून तो तुला आधीच डोळ्यांसमोर आणावा लागतो.

तेव्हा कॅनव्हा बंद कर आणि वहीच्या पाठकोऱ्या पानावर एक वाक्य लिही: कोण, काय करेल, कधी. उदाहरणार्थ, 'कधीच रक्त न दिलेला, सुईला घाबरणारा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा १ ऑक्टोबरला दुपारी जिमखान्यात येईल.' हे वाक्य पोस्टरवर छापायचं नाही. पण पोस्टरवरच्या प्रत्येक गोष्टीला त्या मुलासमोर उभं करायचं आणि विचारायचं, तुझा याला काय उपयोग? पृथ्वीचा गोल या परीक्षेत पहिल्या फेरीत नापास होतो.

तुझे तिन्ही ग्रीक शब्द इथेच कामाला येतात. ते पोस्टरमध्ये वेगवेगळ्या जागी 'घालायचे' नसतात. त्या मुलाच्या मनात जे तीन प्रश्न येतात, त्यांची ती नावं आहेत.

बोलावतंय कोण आणि मी त्यांच्यावर का विश्वास ठेवू? हा ईथॉस. अध्यक्षांच्या फोटोने त्या मुलाचा विश्वास वाढत नाही. रक्तपेढीचं नाव स्पष्ट लिहिलं तर वाढतो, 'डॉक्टर हजर असतील' या ओळीने वाढतो, शंका असेल तर ज्याला विचारता येईल अशा स्वयंसेवकाच्या उल्लेखाने वाढतो. शुद्धलेखनही इथेच येतं बरं का. तू 'शिबीर' आणि 'शिबिर' दोन्ही लिहिलंयस. जे लोक वेलांटी सांभाळत नाहीत ते सुई काय सांभाळणार, असं कुणी बोलून दाखवत नाही, पण मनात येतं. (ऱ्हस्व बि बरोबर.)

मला यात काय वाटतं? हा पॅथॉस. रक्ताचे ओघळ, मोठी सुई, रडणारी आई असली चित्रं भावना जागवतात खरी, पण ज्याला आधीच भीती वाटते त्याची भीतीच जागी होते. तुझ्या पोस्टरवरच्या ठिबकत्या लाल अक्षरांनी मला रात्रीची गुन्हेगारी मालिका आठवली. त्यापेक्षा भीती सरळ मान्य करून टाक. 'सुई टोचते. मग दहा मिनिटं पडून राहायचं. मग चहा-बिस्कीट.' हे वाचून मुलगा हसेल, आणि हसला की निम्मं काम झालं. 'रक्तदान श्रेष्ठदान' या घोषणेवर माझा राग नाही, पण ती कुणालाच अमान्य नसते आणि म्हणूनच तिच्यामुळे कुणी जागचं हलत नाही.

हे शक्य आहे का, मला जमेल का? हा लोगॉस. इथे ठोस गोष्टी हव्यात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. 'हिमोग्लोबिन तिथेच तपासतात' ही ओळ न विसरता टाक. बऱ्याच मुलींना हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत पाठवतात आणि मग मैत्रिणींसमोर ओशाळं वाटतं. 'कमी भरलं तर काय खायचं तेही सांगतात' एवढं जोडलंस तर त्याही मुली येतील.

चौथा शब्द तुमच्या प्रकरणात बहुतेक असेल, कैरॉस. आपण त्याला वेळ साधणं म्हणतो. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन, म्हणून शिबिर त्या दिवशी ठेवलं असेल तर ठीकच. पण पोस्टर वर्गाच्या ग्रुपवर कधी टाकणार? रात्री अकराला टाकलंस तर सकाळपर्यंत चाळीस 'गुड मॉर्निंग'खाली गाडलं जाईल. आदल्या दिवशी शेवटचा तास सुटताना टाक. मुलं तेव्हा फोन हातात घेऊनच बाहेर पडतात.

एवढं झाल्यावर मांडणी. इथे तुला चित्रकलेची धास्ती आहे, ती सोडून दे. मांडणी म्हणजे डोळ्याने आधी काय बघायचं, मग काय आणि शेवटी काय, एवढं ठरवणं. कराडच्या स्टँडवर चिपळूणच्या गाडीचा बोर्ड बघ. 'चिपळूण' लांबूनही वाचता येतं, 'मार्गे पाटण' जवळ गेल्यावर. गाडी सुटायच्या घाईत पिशवी सावरत पळणाऱ्या माणसाला आधी काय हवंय ते बोर्ड रंगवणाऱ्याला ठाऊक असतं. समज, दोन्ही शब्द एकाच मापात असते, तर पाटणला जाणारे निम्मे लोक गोंधळले असते. तुझ्या पोस्टरवर घोषणा, लोगो, फोटो आणि तारीख असे सगळे 'चिपळूण' होऊन बसलेत. सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही.

जे एकत्र वाचायचं ते एकत्र ठेवायचं, हा दुसरा नियम. मानसशास्त्रातल्या गेस्टाल्ट मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की जवळजवळ असलेल्या गोष्टी डोळा आपोआप एका गटात घेतो. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना हे अंगवळणी आहे. मुहूर्त आणि विवाहस्थळ कधी दोन कोपऱ्यांत गेलेलं पाहिलंयस? 'आहेर आणू नये' तळाला, किलबिल शेवटी. तारीख, वेळ, ठिकाण या तीन ओळींची एक पेटी कर आणि तिच्याभोवती मोकळी जागा सोड. मोकळी जागा दिसली की तिथे फूल टाकायचा मोह होतो. आवर.

सजावटीबद्दल मी जे वर्गात सांगतो ते अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्र या संस्कृत कवीने फार आधी सांगून ठेवलंय. औचित्याचा विचार मांडताना तो म्हणतो की कमरपट्टा गळ्यात, हार कमरेला, पैंजण हातात आणि बाजूबंद पायात घातला तर लोक हसणारच. दागिना खोटा नसतो, जागा चुकलेली असते. तुझी सोनेरी कड दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला चालेल. इथे नको.

रंगांचं गणित मात्र चक्क मोजता येतं. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था सांगते की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ ला १. काळ्यावर पांढरं म्हणजे २१ ला १, त्यापुढे जाताच येत नाही. आणि शुद्ध निळ्यावर शुद्ध लाल? जेमतेम २.१५. तुझं शीर्षक नेमकं तेच आहे, म्हणून ते डोळ्यांपुढे थरथरल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे लालवर पांढरंसुद्धा ४ ला १ वरच थांबतं, म्हणजे बारीक मजकुराला कमीच. लाल थोडा गडद केलास की निभतं. हे मोजून देणारी फुकट साधनं आहेत, त्यात दोन रंग टाकायचे आणि आकडा बघायचा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोकही असतात, त्यामुळे 'हिरव्या बाणाने या' असं काही लिहू नकोस.

लाल क्रॉसचं वेगळं सांगतो, कारण ही चूक जवळजवळ सगळे करतात. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे दवाखान्याचं सरसकट चिन्ह नव्हे. १८६४च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धातल्या वैद्यकीय मदतीचं संरक्षक चिन्ह आहे आणि भारतात १९६०च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याने ते परवानगीशिवाय वापरायला मनाई आहे. काढून टाक. थेंब पुरेसा आहे, तोही एकच.

आता माझा आवडीचा विषय, आणि इथे इंग्रजी पुस्तकांतले नियम जसेच्या तसे उचलले की घात होतो. तू 'रक्तदान'च्या अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस. रोमन लिपीत ते रुबाबदार दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाची गाडी डबे सुटल्यासारखी दिसते: र, क्त, दा, न. ते अंतर शून्यावर आण. दुसरं, ओळींमधलं अंतर. रोमन अक्षरांना वर-खाली फारसं काही नसतं, आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. तुझ्या पोस्टरवर 'युवकांनो'चा उकार खालच्या ओळीतल्या 'सहभागी'च्या वेलांटीत अडकलाय. ओळींचं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपटीपासून सुरू कर आणि डोळ्याने बघत जुळव.

फॉन्ट एकच घे, फार तर दोन. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी केलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, त्याची बारीकपासून जाड्यापर्यंत बरीच वजनं आहेत आणि सगळी उतरंड त्या एकातच साधते. थोडा भारदस्त पुस्तकी सूर हवा असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट बघ. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा 'ल' दिसला की मराठी वाचक किंचित अडखळतो, का ते त्याला सांगता येत नाही. अक्षरालाही सूर असतो. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली नावं जुन्या वर्तमानपत्रांत शोधून बघ. नाटक हसवणार की रडवणार, ते नाव वाचून होण्याआधीच कळायचं.

आणि जोडाक्षरं तपास. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू केलेली नसते. मग 'क्त' फुटून पाय मोडका 'क्‌' आणि 'त' वेगवेगळे उभे राहतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. एआयकडून चित्र काढून घेतलंस तर आणखीच जप. अनेकदा त्यातली अक्षरं लांबून मराठी वाटतात, जवळ गेल्यावर नुसती शिरोरेषेला टांगलेली भेंडोळी. चित्र हवं तर घे, अक्षरं स्वतः टाईप कर.

'डिजिटल'चा भाग राहिला. कागदी पोस्टर भिंत सोडून जात नाही. मोबाइलवरचं पोस्टर तुझ्या हातातून सुटलं की कुठे जाईल, कोण त्याचा स्क्रीनशॉट काढेल, सोबतचा मजकूर टिकेल की गळेल, यातलं काही तुझ्या हातात नाही. मी पोळलोय यात. एका व्याख्यानमालेचं पोस्टर केलं आणि झोकात लिहिलं, 'येत्या शनिवारी'. व्याख्यान झालं, टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी कुणीतरी तेच पोस्टर उत्साहाने पुढे ढकललं आणि सात-आठ मंडळी बंद सभागृहाच्या दारात उभी राहिली. त्यातले एक आजोबा बस बदलून आले होते. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून मी वार, तारीख आणि साल, तिन्ही लिहितो.

क्यूआर कोडचं तेच. जो फोन पोस्टर दाखवतोय त्यानेच ते स्कॅन कसं करायचं? दुसऱ्या कुणाचा फोन मागून? भिंतीवरच्या प्रतीवर कोड ठेव, ग्रुपवर टाकायच्या प्रतीसोबत साधी लिंक दे. म्हणजे दोन प्रती कराव्या लागतील, आणि करच. माप वेगळं, अक्षरं वेगळी. फोनसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी चौकट घे. या मापात २४ पिक्सेलचं अक्षर फोनच्या पडद्यावर साधारण दीड मिलिमीटरचं होतं. तुझा पत्त्याचा मजकूर त्याच मापात आहे. छापायची प्रत ए-थ्री कर आणि छापण्याआधी एक नमुना काढून बघ. पडद्यावरचा झगझगीत रंग कागदावर मलूल होतो.

शिवाय चित्रातला मजकूर चित्रच असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या फोनमधला वाचक आवाज ते वाचू शकेलच असं नाही. म्हणून तारीख, वेळ, ठिकाण, अटी पोस्टरसोबत टाईप करूनही पाठव आणि जिथे चित्राचं वर्णन लिहायची सोय असते तिथे ते लिही. 'पोस्टर' एवढंच नको. 'रक्तदान शिबिर, १ ऑक्टोबर, जिमखाना, सकाळी १० ते ४' असं. टाईप युनिकोडमध्येच कर. जुन्या फॉन्टात टाईप केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक रोमन अक्षरं होऊन पडतो.

राहता राहिले प्राचार्य आणि अध्यक्ष. फोटो काढ म्हणणं मला सोपं आहे, ऑफिसात जायचंय तुला. तेव्हा असं कर: तळाला एक बारीक पट्टी, त्यात संस्थेचं नाव, रक्तपेढीचं नाव, दोन लोगो, सगळे एकाच उंचीचे आणि एकाच रंगात. फोटोंचा आग्रह झालाच तर शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आभाराचं वेगळं पोस्टर कर आणि त्यात सगळ्यांचे फोटो खुशाल घाल. त्या पोस्टरचे वाचक तेच असतील, त्यामुळे तिथे ते शोभतीलही.

नवं पोस्टर झालं की मॅडमकडे नेण्याआधी कँटीनमध्ये जा. चहा देणाऱ्या मामांना फोन हातभर लांबून तीन सेकंद दाखव, खिशात घाल आणि विचार, 'काय करायचंय, कधी, कुठे?' त्यांनी तिन्ही सांगितलं तर काम झालं. 'रक्ताचं कायतरी दिसतंय' म्हणाले तर परत बस. मैत्रिणींना विचारू नकोस, त्या छानच म्हणतील.

मॅडमना पोस्टरसोबत अर्धं पान लिहून दे: वाचक कोण धरला, कोणती ओळ कशासाठी ठेवली, काय काढलं आणि का काढलं. पृथ्वीचा गोल का काढला त्यालाही एक ओळ दे. आणि वजन ४५ किलोच्या वर असेल तर १ ऑक्टोबरला रांगेत तूही उभी राहा, म्हणजे चहा-बिस्कीट खरंच देतात का तेही कळेल. मी पोस्टरवर लिहायला सांगितलंय, खोटं ठरायला नको.